दुसरं कोणी असूच शकत नाही

व्यंकटी, तुझं नाव मी घेतलं होतं.

प्राचार्यांनी नाही, ठाणेदाराने नाही, गावातल्या कुणा चुगलखोरानेही नाही. मी घेतलं. रागाने नाही आणि कुणी धमकावलं म्हणूनही नाही. शांतपणे, फळ्यावर प्रमेय मांडावं तसं पायरीपायरीने घेतलं. तू शेजारच्याच खुर्चीवर बसला होतास आणि तुझ्या बोटांना खडू लागलेला होता. "दुसरं कोणी असूच शकत नाही," असं मी म्हणालो. आता खोटं कशाला बोलू, ते वाक्य संपलं तेव्हा उत्तर जुळल्यावर वाटतं ते लहानसं समाधानही मला वाटलं होतं.

तू गेलास त्या आठवड्यात कॉलेजात शोकसभा झाली. ज्यांनी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं त्यांनी तुझ्या बुद्धीचं कौतुक केलं. तू सुटून आल्यावर चहाच्या टपरीवर तुला पाहून उठून जाणारे गृहस्थ म्हणाले, "काही गैरसमजामुळे ते आपल्यातून गेले." गैरसमज कुणाचा होता ते त्यांनी सांगितलं नाही, आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या मीही सांगितलं नाही. दोन मिनिटं उभं राहायचं होतं, राहिलो. मग समोसे आले.

तुला आठवतं, तो सहा रंगांचा रुबिक क्यूब मीच आणला होता? नागपूरला पेपर तपासायला गेलो होतो, तेव्हा बर्डीवरच्या एका फुटपाथवाल्याकडून घेतला. परतल्यावर एक दिवस नाल्याला पूर होता, अहेरीकडची बस बंद होती, वर्गात चिटपाखरू नव्हतं. मी तो स्टाफरूममध्ये बसून उलटसुलट फिरवला, पार विस्कटून टाकला आणि तुझ्यासमोर ठेवला.

"याला उत्तर आहे, हे मी आत्ता सिद्ध करतो," मी म्हणालो. "मी जे फिरवलं ते उलट्या क्रमाने फिरवलं की रंग जुळणार. म्हणून उत्तर आहे. संपलं."

"तुले आठवते का, काय काय फिरवलं ते?"

"नाही."

"मंग कुठी आहे उत्तर?"

"आहे ना. मला ठाऊक नसलं तरी आहे."

तू चष्मा काढून शर्टाला पुसलास. ही तुझी वार करण्याआधीची तयारी असायची. "प्रोफेसर, हे कसं झालं सांगू का? बोडीच्या पाण्यात मासा आहे म्हणून सिद्ध केलं, अन् रस्सा हवेचा रांधला. माझी माय असं कोणाले जेवू घालत नाई."

पुढची कित्येक वर्षं आपण याच एका गोष्टीवर भांडलो. एम.एस्सी. करताना तुला कुठून तरी रचनावाद्यांचं वेड लागलं होतं. आपण सगळे शाळेपासून जे तर्कशास्त्र शिकलो ते म्हणतं, की विधान एक तर खरं असतं नाही तर खोटं, तिसरं काही नाही. म्हणून एखादी गोष्ट 'नाही' असं धरून चाललं आणि विसंगती आली, की ती 'आहे' हे सिद्ध झालं. ती कुठे आहे, कशी आहे, हे कुणी विचारत नाही. तुझे रचनावादी विचारायचे. 'आहे' म्हणायचं असेल तर काढून दाखवा किंवा काढायची रीत सांगा. नसेल तर गप्प बसा.

खरं तर क्यूबच्या बाबतीत तेही तुझ्याइतके कडक नव्हते. क्यूबच्या शक्यता कितीही असल्या तरी त्यांना शेवट आहे, एकेक करून तपासता येतात, एवढं त्यांना पुरलं असतं. तुला पुरत नव्हतं. तू तो क्यूब घेऊन बसलास. उत्तराचं चोपडं मागवू म्हटलं, तर हातानेच झटकलंस. पावसाळा सरला, धान कापणीला आलं, आणि एक दिवस तू तो सहाही बाजूंनी जुळलेला क्यूब माझ्या डब्यातल्या पोळीवर आणून ठेवलास.

"कसं केलं?" मी विचारलं.

"डोंग्यावरून जाळं टाकतात तसं. एक बाजू फिरवली, म्हणजे जाळं टाकलं. दुसरी फिरवली, म्हणजे डोंगा सरकवला. मंग पहिली उलटी, जाळं ओढलं. दुसरी उलटी, डोंगा जागेवर. नदी जशी होती तशीच राह्यते बे, दोन-चार मासोळ्याच हालतात. तसं करत करत शेवटी तीनच हालवणारी चाल सापडली. मंग काय, तीन-तीन करत लावलं."

सिरोंच्याच्या बाजूला गोदावरीवर तुझ्या घरच्यांची मासेमारी होती आणि तू ती लपवत नव्हतास. स्टाफरूममध्ये काहींना ते खुपायचं. मला खुपत नव्हतं असं मी समजत होतो.

मग मी तुझी खोड काढली. क्यूबचा एक कोपरा उचकटून काढला, पिळून परत बसवला, बाकीचं विस्कटलं आणि क्यूब तुझ्या टेबलावर ठेवून दिला. तू काही दिवस झटलास. मग मला फळ्यापाशी नेलंस.

"हा लागत नाई. अन् काऊन लागत नाई ते पाह्य." कोपऱ्याला तीन रंग, म्हणून तो तीन तऱ्हांनी बसतो. सरळ, एक पीळ दिलेला किंवा दोन पीळ दिलेला. कुठलीही बाजू कशीही फिरवा, सगळ्या कोपऱ्यांच्या पिळांची बेरीज तिनाच्या पाढ्याबाहेर जात नाही. तू एकेक बाजू घेऊन ते दाखवलंस. "अन् यात एक पीळ उरते. म्हणजे हा फिरवून बिघडला नाई. कोणीतरी उघडून बिघडवला."

"कोणी?" मी हसू दाबत विचारलं.

"ते मी नाई म्हणत."

"अरे, क्यूबला हात लावणारे आपण दोघंच. तू नाहीस, म्हणजे..."

"पाह्यलं नाई मी. नाई पाह्यलं तर नाव काऊन घेऊ?"

मी तेव्हा टाळी वाजवून म्हणालो, की तूही शेवटी विसंगतीनेच सिद्ध केलंस ना, जुळतो असं धरलंस आणि पीळ उरला! तू शांतपणे म्हणालास, "नाई म्हणायले तेवढं पुरते. आहे म्हणायले पुरत नाई." मला ते शब्दांचे खेळ वाटले. गणिताचा माणूस असून मला तो फरक तेव्हा कळला नाही. कळला तेव्हा तू कोठडीत होतास.

पुढे काही वर्षांनी, एका हिवाळ्यात आठवडी बाजारातल्या चिंचेच्या झाडावर पत्रक चिकटवलेलं सापडलं. आतल्या लोकांचं, म्हणजे नक्षल्यांचं, बांबूकटाईवरून ठेकेदाराला दम देणारं. अशी पत्रकं आपल्याकडे नवी नव्हती. नवी होती ती त्यावरची रेघ. डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत बारीक पांढरी उभी रेघ, प्रत्येक ओळीतलं एक अक्षर चिरत गेलेली. आपल्या सायक्लोस्टाइल मशीनच्या रबरी रोलरला चीर होती. तिच्यामुळे आपल्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेवर तशीच रेघ उमटायची आणि पोरं तिला 'कॉलेजचं गंध' म्हणायची. पोलिसांनी मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका शेजारी धरून पाहिली. रेघ तीच. मशीनच्या खोलीला त्यांनी सील ठोकलं.

प्राचार्यांनी आपल्या दोघांना बोलावलं. ठाणेदार बाजूला बसले होते.

"खोलीची चाबी कोणाकडे असते?" प्राचार्यांनी विचारलं.

"माझ्याकडे आणि व्यंकटीकडे," मी म्हणालो. परीक्षेचं काम आपल्या दोघांकडे होतं.

"तुम्ही छापलं का?"

"नाही, सर."

मग ते नुसतेच माझ्याकडे पाहत राहिले. तुझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. तुझी नोकरी कच्ची होती, तू सिरोंच्याकडचा होतास, सुट्टीत आतल्या गावांमधून सायकलवर फिरायचास. माझ्या मनातही हे सगळं होतं. पण मी ते बोललो नाही. मी फक्त तर्क मांडला. रेघ याच मशीनची, मशीन कुलपात, चाव्या दोन, त्यांतली एक माझी, आणि मी छापलेलं नाही. म्हणून दुसरं कोणी असूच शकत नाही.

तू माझ्यावर ओरडला नाहीस. तू ठाणेदाराला म्हणालास, "साहेब, मशीन चालवून पाहा. एक कागद काढून पाहा."

"खोली सील आहे."

"तुमचंच सील आहे ना साहेब? उघडा. हा म्हणते रेघ या मशीनची. मंग या मशीनमधून काढून दाखवा."

ठाणेदारांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी, व्यंकटी, मी म्हणालो, "त्याची काही गरज नाही."

मला भीती वाटत होती, हे खरं. दोघांतला एक जाणार होता आणि तो मी नसावा असं मला वाटत होतं. पण भीतीने बोललेलं माणूस पुढे स्वतःला माफ करू शकतो. मी भीतीने बोललो तसा खात्रीनेही बोललो. मला माझं उत्तर बरोबर वाटलं होतं.

जीपमध्ये बसताना तू मागे वळून पाहिलंस. "कसं केलं मी, ते दाखव ना बे," एवढंच म्हणालास. त्यात टोमणा होता, पण मी काहीतरी बोलेन अशी वाटही पाहिलीस तू. ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

सील निघालं तेव्हा होळी होऊन गेली होती आणि तू अजून आतच होतास. वार्षिक परीक्षा तोंडावर आल्या होत्या. मी एकटाच खोलीत गेलो, स्टेन्सिल चढवली, हँडल फिरवलं. कागद बाहेर आला. रेघ नव्हती.

पुन्हा फिरवलं. रेघ नव्हती. मग मला आठवलं. मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत चंद्रपूरहून मिस्त्री आला होता. त्याने रबरी रोलर बदलला आणि जुना घेऊन जाऊ का म्हणून विचारलं. "घेऊन जा, इथे काय त्याचं लोणचं घालायचंय," असं त्याला मीच म्हणालो होतो. त्यानंतर मशीनवर काही निघालंच नव्हतं, कारण सहामाहीचे पेपर त्या वर्षी नागपूरहून छापून आले होते. तो जुना रोलर कुठल्या मशीनला गेला, पत्रक कुणी छापलं, हे मला आजही ठाऊक नाही. दाखवता येत नाही, म्हणून कुणाचं नावही घेत नाही. एवढं तरी तुझ्याकडून शिकलो. पण पत्रक त्या हिवाळ्यातलं होतं, आणि त्या हिवाळ्यात आपलं मशीन तशी रेघ काढूच शकत नव्हतं. तुझ्या त्या पिळाच्या हिशेबासारखं हे 'नाही' होतं, स्वच्छ आणि पुरं. तुझ्या नियमात बसणारं आणि माझ्याही.

त्या कागदाने मी हाताची शाई पुसली.

प्राचार्यांना सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं. "सर, तो सुटणारच आहे. पुरावा नाही म्हणून सुटेल. तुम्ही आता हे काढलं तर विचारतील, जुना रोलर कोणी दिला? काय सांगाल?" मी घरी आलो आणि जेवलो.

तेंदूपत्त्याच्या हंगामात तू सुटलास. पुरावा नाही म्हणून. 'केलं हे सिद्ध झालं नाही' आणि 'केलं नाही' यांत केवढं अंतर आहे, हे तुझ्याइतकं कुणाला समजावून सांगायला नको होतं, आणि त्या अंतरातच तुला उरलेलं आयुष्य काढावं लागलं. कॉलेजने तुला परत घेतलं नाही. तू गावी जाऊन बापाच्या डोंग्यावर बसलास. पुढे जिथे जिथे पत्रक लागलं, तिथल्या पोलीस ठाण्यातून तुला बोलावणं येत गेलं. दिवसभर बाकावर बसायचं आणि संध्याकाळी परतायचं. गावातले लोक तुझ्याशी बोलायचे, पण जरा बाजूला होऊन. हे सगळं मला कळत होतं. मी रीडर झालो. वर्गात अप्रत्यक्ष सिद्धता शिकवत राहिलो आणि मुलं उतरवून घेत राहिली.

एकदा मी तुझ्याकडे आलो होतो, माझी आई गेली त्या वर्षी. तू घाटावर जाळं सांधत होतास. केस पिकले होते, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. पद्मावहिनीने चहा दिला. मी बसमध्ये घोकून आलेलं वाक्य म्हणालो, "व्यंकटी, माझ्याकडून काही चुकलं असेल तर माफ कर."

तू जाळ्यातून मान वर केली नाहीस. "कोणती चूक?"

"तुला ठाऊक आहे ना."

"मले काय ठाऊक आहे ते सोड. तू म्हणते चूक आहे. असेल तर, म्हणते. मंग काढून दाखव."

मी पाण्याकडे पाहत बसलो. पलीकडच्या तीरावर कुणीतरी तेलुगूत हाका मारत होतं. तू वाट पाहिलीस, मला ते कळत होतं, सुई थांबली होती. मग ती पुन्हा चालू झाली आणि तू म्हणालास, "बस येईल तुझी. जा, नाई तर इथीच अडकशील."

एक तक्रार माझीही आहे, ती आज करतो. तू मला मदत करू शकला असतास. एक शिवी दिली असतीस, कॉलर धरली असतीस, तर मी बोललो असतो. तू परीक्षकासारखा बसलास. माणसाचं तोंड काही वेळा दुसऱ्याने उघडावं लागतं, व्यंकटी. रोलरचं तुला कळलं होतं का? तो कागद मी काढला हे कुणी तुला सांगितलं होतं का? माझ्या नियमाने तुला एक तर ठाऊक होतं, नाही तर नव्हतं. तुझ्या नियमाने मी याबद्दल बोलूच नये. मी रोज दोन्ही धरून पाहतो. ठाऊक होतं असं धरलं तर झोप लागत नाही. नव्हतं असं धरलं तरी लागत नाही.

पण तक्रार करता करता लाजही वाटते. तुझ्यामुळेच मला गणित ही करायची गोष्ट आहे हे कळलं. त्याआधी मी नुसतं सांगत होतो. तुझ्यासारखा भांडणारा त्यानंतर मला एकही भेटला नाही. सगळे 'हो सर' म्हणतात.

तेरवीला मी तुझ्या गावी गेलो. मांडवात सगळा गाव होता, सरपंच होते, आपल्या कॉलेजातलेही दोघे आले होते. जेवणावळ सुरू व्हायची होती. मी पद्मावहिनीसमोर जाऊन उभा राहिलो आणि मला लोकांसमोर काही बोलायचं आहे असं सांगितलं.

"आता काऊन, अन्ना?" त्या म्हणाल्या. "त्याले ऐकू येत होतं तवा काऊन नाई?"

मी तिथेच उभा राहिलो. त्या बाजूला झाल्या नाहीत आणि बसा असंही म्हणाल्या नाहीत. मग मागे वळून त्या पोरांवर ओरडल्या, "गप राहा रे, सर काही सांगून राह्यले."

मी हात जोडले आणि म्हणालो:

"व्यंकटीने ते पत्रक छापलं नव्हतं. ज्या मशीनवर छापलं असं ठरलं, त्या मशीनवर ते निघूच शकत नव्हतं, कारण त्याचा रोलर आधीच बदललेला होता, आणि जुना रोलर मिस्त्रीला मी दिला होता. एक कागद काढून पाहा, असं व्यंकटी म्हणाला होता. गरज नाही, असं मी म्हणालो. त्याचं नाव ठाणेदारांसमोर मी घेतलं. पुढे मी स्वतः कागद काढला, त्यावर रेघ नव्हती. तेव्हा तो कोठडीत होता. प्राचार्यांपलीकडे मी कुणाला सांगायला गेलो नाही. त्याची नोकरी गेली, तुम्ही त्याच्याकडे संशयाने पाहिलंत, तो त्या बाकांवर बसत राहिला, आणि हे सगळं मला थांबवता येत होतं. मी थांबवलं नाही. हे मी केलं. याच गोष्टीची मी माफी मागतो, वहिनी. त्याची, आणि तुमची."